बेडकाचं हृदय आणि आमची वर्षाताई

बेडकाच्या पिल्लाचं हृदय कसं बनतं हे पाहणारी आमची वर्षाताई आज सकाळी मेली.

डेंगू झाला. नागपूरला भरती केलं होतं. प्लेटलेट खाली गेल्या, वर आल्याच नाहीत. एवढंच.

ताई माझी मावसबहीण. मुर्री गावची. हैदराबादच्या एका लॅबमध्ये पीएचडी करत होती. मी तेव्हा तिकडेच साइटवर सेंट्रिंगच्या कामाला होतो. (नंतर हैदराबाद सोडलं, सुरत धरलं, तेही सोडलं. आता होसूरला आहे.)

मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. तरी एका रविवारी ती मला लॅब दाखवायला घेऊन गेली.

काचेच्या टाक्यांत आफ्रिकेचे बेडूक.

म्हटलं, "ताई, हे त आपल्या धानाच्या बांधीत फुकट भेटतात."

"आपले पावसाळ्यातच अंडी देतात ना बबलू. हे बारा महिने देतात."

मग मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. काचेसारखं आरपार दिसणारं पिल्लू. आत एक बारीक ठिपका उडत होता. तेच हृदय.

मी विचारलं, तू ह्यात करते काय नेमकं?

तिनं माझ्या भाषेत सांगितलं. हृदय एका जागी बनत नाही. त्याचे मजूर, म्हणजे पेशी, दोन्ही बाजूंनी निघतात, मध्ये येऊन जुळतात, नळी बनवतात. नळीला वळण पडतं, मग भिंती उभ्या होतात. कोणी कधी निघायचं, कुठं थांबायचं, हे जीन सांगतात. जीन म्हणजे मुकादम.

"मी एक मुकादम बंद करून ठेवते. मग पाहते, कोणतं काम अडलं."

काम म्हणून मला ते पटलं. आमच्या साइटवरही मुकादम आला नाही की कळतं, तो काय करत होता.

त्यानंतर माझ्या भावाला पोरगा झाला. दूध पिता पिता त्याला दम लागे, घामानं डोकं भिजे. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, हृदयाच्या भिंतीत भोक आहे, ऑपरेशन लागेल.

आईनं कारण आधीच शोधून ठेवलं होतं. धान रोवण्याच्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावरचा चारा कापताना वहिनीच्या इळ्याखाली एक बेडूक आला होता. वहिनी पोटुशी होती.

आई म्हणे, त्या बेडकाचा शाप आहे, ऑपरेशननं निघत नाही. हिनं लेकरू घेऊन माहेरी राहावं. दरेकशाला.

भाऊ आईपुढे बोलत नाही. वहिनीची बॅग भरून दारात ठेवली होती.

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेसाठी मी गावी गेलो होतो. ताईही आमच्याकडे आली. आईनं चहा दिला आणि सगळं सांगितलं.

ताई म्हणाली, "मावशी, मंग मले किती शाप लागले असतीन? माह्या हातानं रोज बेंडकाची पिल्लं मरतात."

"तुह्यं लगन कुठं झालं आजून? झाल्यावर समजन."

ताई हसली. वहिनीला विचारलं, "बेंडूक कापला तवा कितवा महिना होता वं?"

"पाचवा."

"मावशी, माणसाचं हृदय दोन महिन्यांत बनून जाते. बेंडकाचं त थोड्या दिवसांतच. पाचव्या महिन्यात भोक पाडाले कोणी येत नाही. भिंत तवाच अर्धी राहून गेली होती."

"मंग कोणानं राहू देली?"

इथं ताई चुकली. म्हणाली, "जीन असतात मावशी. मायबापाकडून येतात."

"म्हणजे हिच्याच माहेरून आलं! मी हेच त सांगून राहिली होती!"

वहिनी उठून आत गेली.

ताईचा चेहरा उतरला. "बापाकडूनही येतात. तुमच्याकडून, तुमच्या मायकडून. अन् बहुत वेळा कोणाकडूनच येत नाही, बनता बनता चुकते. ह्या लेकराचं कशानं झालं, मले माहीत नाही."

"इतकी शिकली अन् माहीत नाही?"

"नाही. आजून बेंडकाचंच पुरं समजलं नाही."

मग तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. बेडकाचं पिल्लू. त्यात एक नाही, दोन ठिपके. दोन बाजूंना, आपापले उडत होते.

आईनं मोबाइल डोळ्याजवळ नेला. "जित्तं आहे हे?"

"हो."

"दोन काऊन आहेत?"

"मीनं मुकादम बंद केला. दोन्हीकडचे मजूर मधात आलेच नाहीत. जागच्या जागी दोन हृदयं बनली." मग ताई हळू म्हणाली, "मावशी, ह्याच्या मायनं कोणाले कापलं होतं?"

आईनं मोबाइल परत दिला. गुरांना पाणी दाखवायला गेली.

ताई मुर्रीला निघाली तेव्हाही आई गोठ्यातच होती. मला वाटलं, गेलं सगळं वाया.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भावाला म्हणाली, "नागपूरची गाडी कवा आहे, पाह्य." वहिनीची बॅग तिनं स्वतः उचलली. दरेकशाऐवजी नागपूरला गेली ती बॅग.

ऑपरेशन झालं. पोरगं आता कोंबड्यांच्या मागं पळते.

आज ताईला मुर्रीला आणलं. मला इथून पोहोचता आलं नाही. भावानं फोनवर सांगितलं ते लिहितो.

बायका बसल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, "इतकं शिकून काय झालं बिचारीचं. बेंडकं पाहण्यात जिंदगी गेली."

आई वहिनीच्या बाजूला बसली होती. पोरगं आजीच्याच मांडीवर. सगळ्यांसमोर बोलली,

"बिचारी नको म्हणू. माह्या सुनेवरचा आळ तिनं काढला. मीनंच घेतला होता."



ताई, मला मोठे शब्द येत नाहीत. आमच्या घरचे सगळे तुझ्याजवळ बसले होते. मीच नव्हतो.

इथूनच हात जोडतो. जा.