तहानलेल्या उंदरांनी नापास केलेली लस

डांग्या खोकल्याच्या लशीत जंतूंचं विष उरलंय का, हे आमच्या लॅबमध्ये अजून उंदीर सांगतात. लस टोचायची, तिसऱ्या दिवशी वजन करायचं. टोचण्याआधीपेक्षा घटलं, तर बॅच अडकली.

गेल्या वर्षी एका बॅचच्या उंदरांचं वजन घटलं. मी काटा पुसला, मग चष्मा पुसला. आकडा तोच. "गेली बॅच!" मी जाहीर केलं.

माझ्या हाताखालची ॲनालिस्ट पिंजऱ्याशी वाकली. "काका, ही पाण्याची बाटली काल तुम्हीच लावलीत ना? काठोकाठ भरलेली आहे."

बाटलीच्या नळीत पाणी थेंबथेंब सोडणारी गोळी असते, ती अडकली होती; उंदीर कालपासून तहानलेले होते. टिचकी मारून थेंब पडतोय का बघायचं, हे मी प्रत्येक नव्या माणसाला भाषण ठोकून शिकवतो. काल मी दुसऱ्याच भाषणात रंगलो होतो, तेही हिच्यापुढे. प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींवर लस तपासू, विष असलं की पेशींचे पुंजके होतात, असं ती दोन वर्षं सांगत होती. मी खिदळायचो, "पेशींना तहान लागते का गं?"

लागत नाही. तोच तर मुद्दा होता, या गाढवाच्या लक्षात आला नाही.

साहेब आले. "बाटलीचं लिहू नका, ऑडिट तोंडावर आहे. नुसतं रिपीट टाका."

माझं डोकंच फिरलं. "आणि उद्या खरंच विष निघालं, तर? तेव्हाही गुपचूप रिपीट? करंजाडेत माझ्याच सोसायटीतली तान्ही पोरं हीच लस घेतात, साहेब!"

"टेन्शन घेऊ नका. नोकरी तुमची जाईल, माझी नाही."

मी लिहिलं. चूक माझी, सही माझी. उपाय: पेशींची चाचणी सोबत सुरू करावी. साहेबांनी उपाय खोडून 'कर्मचाऱ्यास प्रशिक्षण' लिहिलं.

नवे उंदीर आणले, बॅच पास झाली. चाचणी झालेले उंदीर मारावेच लागतात; जुने बिचारे माझ्या भाषणापायी फुकट मेले.

प्रशिक्षण तिनेच दिलं. विषय: बाटली कशी लावावी. "काका, टिचकी मारा." मारली. "थेंब पडला?" पडला. तिने हसू दाबत माझी सही घेतली. त्याच कागदाखाली मी पेशींच्या चाचणीचा अर्ज पुन्हा जोडला, या वेळी दोघांच्या सहीने.

साहेबांनी परत पाठवला. आम्ही दर सोमवारी नवा देतो. आणि टिचकी मारताना मी आता साहेबांचं नाक डोळ्यांपुढे आणतो. एकही गोळी अडकत नाही.