लोण्याच्या डब्यातलं कार्ड

आमच्या केलर्स बेंडमध्ये चाळिशीच्या आतलं असं एकही माणूस सापडणार नाही, ज्याने अर्लीन टॅकेटच्या हातचं मॅकरोनी-चीज खाल्लेलं नाही. एकतीस वर्षं ही बाई गावच्या शाळेच्या जेवणघरात, केसांवर जाळी लावून, हातात डाव घेऊन उभी आहे. आमचा शेरीफ सहा फूट दोन इंच आहे आणि कमरेला पिस्तूल लावतो, पण अर्लीनबाई समोर आल्या की आजही त्याचे दोन्ही हात ट्रे धरल्यासारखे आपोआप पुढे येतात. "गाजरं टाकायची नाहीत हं, राजा," एवढंच त्या म्हणतात. शेरीफ म्हणतो, "नाही टाकत."

त्या सगळ्यांनाच 'राजा' म्हणतात. मलाही. मी गावच्या पतपेढीत खिडकी क्रमांक दोनवर बसतो. तिथे बावीस वर्षांत मला ज्या नावांनी हाक मारली गेली आहे, त्यांत 'राजा' हे एकच नाव घरी जाऊन सांगता येण्यासारखं आहे.

अशा बाईचा क्रेडिट स्कोअर किती असावा?

पाचशे बारा.

हा स्कोअर साडेआठशेपैकी असतो, आणि पाचशे बारा म्हणजे काठावर पास नव्हे, चांगलं सणसणीत नापास. याची कहाणी लांबलचक नाही. अर्लीनबाईंना कोणाला नाही म्हणता येत नाही. दुकानात काउंटरवरची पोरगी म्हणायची, "मॅडम, आमचं कार्ड काढलंत तर आजच्या खरेदीवर दहा टक्के सूट." पोरगी बहुधा शाळेत असताना यांच्याच हातचं जेवलेली. मग तिला वाईट वाटू नये म्हणून कार्ड. अशी सात कार्डं झाली. पुढे नवरा, डेलबर्ट, आजारी पडला, आणि आजारपणाची बिलं त्या सात कार्डांवर वाटून बसली. डेलबर्ट दोन वर्षांनी गेला. बिलं आणखी सहा वर्षं राहिली. बाईंनी ती फेडली, शेवटच्या सेंटपर्यंत. पण उशिरा फेडली. आणि माणूस फेडतो ते विसरायचं नि उशीर लक्षात ठेवायचा, अशी या स्कोअरची खोड आहे. काही नातेवाईकांचीही असते.

सप्टेंबरातल्या एका दुपारी बाई माझ्या खिडकीशी आल्या. हातात कॉफीचा पत्र्याचा डबा.

"राजा, मला सहाशे वीस हवेत."

"डॉलर?"

"स्कोअर रे. डॉलर मी घेऊन आलेय."

मग सगळं कळलं. त्यांची थोरली बहीण ऑलेटा चाळीस मैलांवरच्या वृद्धाश्रमात होती. दोन वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली. तिला अर्लीनबाईंकडे यायचं होतं आणि अर्लीनबाईंना तिला आणायचं होतं. पण बाई राहायच्या हार्डवेअरच्या दुकानावर, एकोणीस पायऱ्या चढून, एका खोलीत. नदीकडच्या रस्त्यावर तळमजल्याची दोन खोल्यांची घरं भाड्याने मिळतात. पण तिथला नियम पक्का: स्कोअर निदान सहाशे वीस असेल तरच घर.

"ऑलेटा म्हणते, मी पायऱ्या मोजून चढेन. मी म्हटलं, चढशील गं, पण चुकून वीस मोजल्यास तर?" बाई हसल्या. मग डबा पुढे सरकवला. "तीनशे आहेत. काय होतंय का बघ."

मी त्यांना तारणावरचं कार्ड समजावून सांगितलं. तीनशे डॉलर आमच्याकडे ठेवायचे. त्या तारणावर तीनशेच्या मर्यादेचं कार्ड मिळणार. त्यावर थोडं थोडं खर्चायचं आणि दर महिन्याला बिल वेळेवर भरायचं. आम्ही ते वर, स्कोअर काढणाऱ्यांना, कळवणार, आणि हळूहळू स्कोअर चढणार.

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे माझे तीनशे तुम्ही ठेवून घेणार, आणि मलाच तीनशे उसने देणार?"

"तसंच काहीसं."

"राजा, माझ्याच डब्यातली वाटीभर साखर मलाच उसनी देतोयस, आणि वर वेळेवर परत केली की शाबासकी?"

बावीस वर्षांत या योजनेचं इतकं अचूक वर्णन आमच्या मॅनेजरनेही केलेलं नाही. मी म्हटलं, "हो."

"मग दे. शाबासकी मिळून बरेच दिवस झाले."

कार्ड आलं. बाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, मागच्या पट्टीवर जिभेचं टोक बाहेर काढून सही केली आणि गेल्या. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. जानेवारीत खिडकीशी हजर. चेहरा असा, की जणू पोर पहिल्या नंबराने पास झालंय.

"सांग, राजा. किती झाला?"

मी पाहिलं. पाचशे पंधरा.

"तीनच?" त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "पण मी तर एक सेंट खर्च केला नाही रे. तीन महिने! हातच लावला नाही."

"का?"

"गोठवलं होतं ना."

मला वाटलं, खातं गोठवलं. तसं नव्हतं. आमच्याकडे चर्चमध्ये पास्टर हॉबर्ट दर हिवाळ्यात पैशांचा वर्ग घेतात. त्यात ते उधळ्या लोकांना एक युक्ती सांगतात: कार्ड पाण्याच्या डब्यात टाका आणि डबा फ्रीझरमध्ये ठेवा. खरेदीची हुक्की आली तर बर्फ वितळेपर्यंत उतरते. गावातल्या निम्म्या फ्रीझरमध्ये मटारशेजारी कोणाचं ना कोणाचं कार्ड गोठून पडलेलं असतं. डेलबर्ट गेल्यावर बाईंनी तो वर्ग दोनदा केला होता, आणि दोन्ही वेळा पहिल्या बाकावर बसून. त्यामुळे नवं कार्ड घरी नेल्याबरोबर त्यांनी ते लोण्याच्या रिकाम्या डब्यात पाणी भरून बर्फात पुरलं होतं.

"अर्लीनबाई, हे कार्ड वापरायचं असतं."

"पास्टर म्हणाले, वापरू नका."

"ते बिघडलेल्यांसाठी. हे सुधारण्यासाठी आहे. तुम्ही उसनं घेता आणि वेळेवर देता, हे दिसलं पाहिजे ना. घेतलंच नाही, तर दिलं हे कसं कळणार? आणि फार दिवस नुसतं पडून राहिलं, तर बंदही होतं."

बाई म्हणाल्या, "म्हणजे चांगलं वागून तीन महिने वाया गेले." त्यांचे डोळे भरले होते. "तिकडे ऑलेटा रोज विचारते, किती राहिलं. मी सांगत होते, गोठतंय, गोठतंय."

मी टेबलाखाली काही शोधत असल्यासारखं केलं. खिडकी क्रमांक दोनवर अशा वेळी हेच करायचं असतं.

ठरलं असं. महिन्यातून एकदाच खरेदी, पंधरा डॉलरच्या आत. पण कार्ड बाहेर उघडं ठेवायला बाई तयार नव्हत्या. स्वतःवर विश्वास होता, पण काउंटरवरच्या पोरींपुढे तो टिकत नाही हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणून मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी चर्चला जाण्याआधी डबा फ्रीझरमधून काढून खिडकीत ठेवायचा. चर्च सुटेपर्यंत बर्फ सुटतो. (मायक्रोवेव्हचा विचार त्यांनी केला होता. मी हात जोडले.) मग नाक्यावरच्या खानावळीत जाऊन नारळाचा एक छोटा केक घ्यायचा, चौदा डॉलर अडतीस सेंट. तो घेऊन चाळीस मैल गाडी चालवत ऑलेटाकडे. संध्याकाळी परत येऊन कार्ड पुन्हा डब्यात, पाण्यात, थंडीत.

खानावळीतली रोवीना गल्ल्यावर बसते आणि तोंडाने फटकळ आहे. "अर्लीन, तुझं कार्ड परत गळतंय!" ती अख्ख्या खानावळीला ऐकू जाईल असं म्हणायची. "मशीनला सर्दी होईल माझ्या!" बाई पर्समधून रुमाल काढून कार्ड असं पुसायच्या, की जणू शाळेत जाणाऱ्या पोराचं नाक. पुढे रोवीनाने पहिल्या रविवारी गल्ल्याशेजारी एक कोरडा टॉवेल ठेवायला सुरुवात केली. बोलणं मात्र कमी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवारी बाई रोख चौदा डॉलर अडतीस सेंट घेऊन माझ्याकडे.

"बिल तरी येऊ द्या," मी म्हणायचो.

"देणं अंगावर ठेवून तुला झोप लागते? मला नाही लागत."

त्यांना बिलापर्यंत थांबायला शिकवण्यात माझा एक महिना गेला. फेब्रुवारीत बाईंनी छातीवर दगड ठेवून बिलाची वाट पाहिली. बिल आलं, सतरा तारखेपर्यंत भरायचं. आणि सोळाला असा बर्फ पडला, की शाळा बंद, रस्ते बंद, पतपेढी बंद. सतराला दुपारी माझ्या घराचं दार वाजलं. दारात अर्लीनबाई. डेलबर्टचा जुना कोट, पायांत दोन वेगवेगळे बूट, आणि हातात सँडविचच्या पिशवीत पैसे. सात चौक चालत आल्या होत्या.

"अर्लीनबाई! दोन दिवस उशीर झाला तर काही होत नाही. महिनाभर थकलं तरच वर कळतं."

"ते मला माहितीए, राजा."

"मग एवढ्या बर्फातून?"

"स्कोअरला नाही कळणार. पण ऑलेटाने विचारलं, वेळेवर भरलंस ना, तर मी काय सांगू? तिला दिसत नाही म्हणून खोटं बोलू?" त्यांनी पिशवी माझ्या हातात कोंबली. "मोजून घे. आणि पावती दे."

मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं मागचं पान फाडून पावती लिहिली. बायकोने त्यांना गरम सूप दिलं. त्यांनी ते चाखलं, मीठ कमी आहे असं प्रेमाने सांगितलं आणि दुसरी वाटी मागितली.

असे महिने गेले. पाचशे चाळीस. पाचशे एकाहत्तर. ऑगस्टात एकदम खाली, आधी कोणालाच कल्पना नव्हती. हा स्कोअर म्हणजे आमच्याकडची हवा आहे. कशाने बदलली ते बदलल्यावर सगळे सांगतात. नोव्हेंबरात तळमजल्यावरचं एक घर रिकामं झालं आणि बाई अर्ज घेऊन गेल्या.

सहाशे अठरा.

त्या घरांचं काम तमारा स्टिडम पाहते. तीही अर्थातच मॅकरोनी-चीजवर वाढलेली. तिने अर्ज दोनदा वाचला. "बाई, माझ्या हातात असतं तर मी तुम्हाला आत्ता चावी दिली असती. पण नियम वरच्या ऑफिसचा आहे, आणि वरचं ऑफिस तुमच्या हातचं जेवलेलं नाही."

"नियम तो नियम, राजा," अर्लीनबाई म्हणाल्या. "मीही गाजरं संपवल्याशिवाय पुडिंग देत नव्हते तुला."

"घर दुसऱ्या कोणाला..." मी मध्येच विचारलं. मी बाईंबरोबर गेलो होतो, पतपेढीची कागदपत्रं घेऊन, निदान तसं दाखवत.

तमाराने छताकडे पाहिलं. "अजून रंगवायचंय ते. रंगारी माझा दीर आहे. त्याला एक भिंत रंगवायला किती दिवस लागतात, गावाला माहिती आहे. आणि थंडीत रंग काही वाळत नाही."

त्या दिराने तीन आठवडे एक खोली रंगवली. आम्हा सगळ्यांना त्याचा अभिमान आहे.

दरम्यान पतपेढीच्या समितीने अर्लीनबाईंचं वर्षभराचं खातं पाहिलं, तारणाचे तीनशे त्यांना परत दिले, आणि कार्डाची मर्यादा विनातारण हजार केली. परत मिळालेले पैसे बाईंनी त्याच कॉफीच्या डब्यातून नेले. डिसेंबरच्या सुरुवातीला मी आकडा पाहिला, आणि खिडकी बंद करून स्वतः शाळेच्या जेवणघरात गेलो. रांग लागली होती. मी रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आल्यावर म्हणालो, "सहाशे चौतीस."

बाईंचा डाव हवेत थांबला. मग त्यांनी माझ्या ट्रेमध्ये मॅकरोनी वाढलं, आणखी वाढलं, ट्रेच्या काठावरून सांडलं तरी वाढत राहिल्या. शेवटी मागचं पोर ओरडलं, "आम्हाला उरू द्या की!"

सामान हलवायचा दिवस रविवार होता. खाट, दोन खुर्च्या, डेलबर्टचा फोटो. सगळं शेरीफने एकोणीस पायऱ्या उतरवून खाली आणलं. लोण्याचा डबा मात्र बाईंनी माझ्याकडे दिला. "मांडीवर धर. हलवू नकोस."

नव्या घरात ऑलेटा आधीच येऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली होती. उंच, ताठ, आणि धाकटीपेक्षा दुप्पट तिखट. "रंगाचा वास येतोय अजून," ती म्हणाली. "रंगारी आळशी दिसतोय."

डबा सकाळपासून फ्रीझरबाहेर होता, त्यातला बर्फ वाटेतच सुटला होता. अर्लीनबाईंनी कार्ड काढून रुमालाने पुसलं आणि बहिणीच्या हातात दिलं. ऑलेटाने त्यावरून बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. अक्षरं उठावाची होती.

"थंडगार आहे गं."

"असतंच."

बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर गेलं आणि सावकाश पुढे सरकलं. "हे तुझं नाव?"

"माझंच."

"एकटीचं?"

"एकटीचं."

ऑलेटाने कार्ड परत दिलं नाही, मुठीत धरलं. मग काठी चाचपत उठली. "आज पहिला रविवार ना? पायऱ्या किती आहेत इथे?"

"एकही नाही."

"मग मोजायचं काय?" ती म्हणाली. "चल. आज केक मी आणणार. ती फटकळ पोरगी कोण आहे, ती बघायचीय मला एकदा."

त्या दोघी निघाल्या. मी रिकामा डबा घेऊन तिथेच उभा राहिलो. फ्रीझरमध्ये ठेवावा की नाही, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मग धुऊन पालथा घातला.