माती सुकली तिथे

मुलांनो, नालवाडीला आमच्या शेजारच्या बाईंना सगळे ‘मातीवाल्या बाई’ म्हणत. पोटाच्या जुन्या दुखण्यातून त्या ओल्या मातीच्या पट्ट्यांनी उठल्या होत्या, आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या पोटावर माती लिंपत. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायच्या, “त्या डॉक्टरायनं तं मले मारूनच टाकलं होतं!” त्यांची रीत एकच होती: माती जिथे आधी सुकेल, तिथे दुखणं.

एका सकाळी तुमचे आजोबा पोट धरून विव्हळू लागले. बाई माती लावून नेहमीसारख्या गप्पा मारत बसल्या. उजवीकडची, खालची माती बघता बघता सुकून पांढरी पडली, तशा त्या गप्पा सोडून उठल्या. त्यांनी सगळी माती पुसून काढली.

“दमणीले बैल जुंपा. दवाखान्यात न्या यायले.”

“तुम्ही हे म्हणता?” मी विचारलं.

“मी नाई वो बाई, माती म्हणून राह्यली.”

त्या सोबत आल्या, पण दवाखान्याच्या फाटकाशीच थांबल्या. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया होऊन आजोबा वाचले. ते सांगायला मी बाहेर आले, तेव्हा त्या तिथेच बसून होत्या. हातांवरची माती कोपरापर्यंत सुकली होती.

“टाके सुकले का मंग येजा म्हणा त्यायले,” त्या म्हणाल्या. “बाकीचं मी पाह्यतो.”