त्रेचाळीस पानांचं बोलणं

पुंडलिकनगरात अशी बातमी आहे, की सत्यभामानं नवऱ्याला दुसऱ्यांदा मारलं. पहिल्यांदा त्याला कॅन्सरनं मारलं, दुसऱ्यांदा हिनं, कम्प्युटरमधून पुसून. ही बातमी तिच्या दिरानं, कचरूनं, सोडली. कचरू काहीही सांगताना आधी घसा खाकरतो, मग "आपल्याला काय करायचं म्हना" म्हणतो, आणि पुढं तासभर तेच करतो.

खरं तर तिनं काहीच पुसलं नव्हतं. फाइल नेली, अक्षरं न्यायची राहिली.

संघपाल औरंगपुऱ्यात वीस वर्षं टायपिंग करायचा. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका. आवाज असा, की गल्लीच्या टोकावरून त्यानं "सत्यभामाऽ, च्या टाक" म्हटलं तर चार घरच्या बाया पातेलं चढवायच्या. मग घशाचं दुखणं निघालं आणि ऑपरेशनात आवाज गेला. शेवटचे आठ महिने तो घरच्या कम्प्युटरवर टाइप करून बोलला. ती पडद्यावर वाचायची, तोंडानं उत्तर द्यायची. सगळं एकाच फाइलीत, एकाखाली एक. त्रेचाळीस पानं भरली आणि तो गेला. त्यानंतर तिनं ती वाचली नव्हती. पण ती आहेत, एवढ्या जिवावर ती दीड वर्ष एकटीचा स्वयंपाक करत होती.

या उन्हाळ्यात कम्प्युटर मध्येच निळा पडून बंद व्हायला लागला. दुकानदार म्हणाला, नवी विंडोज या डब्याला झेपायची नाय, फुकटची लिनक्स टाकून देतो. आतलं सगळं साफ होईल, कामाचं असंल ते पेन ड्राइव्हवर घ्या. सत्यभामानं आजवर माऊसला हात लावला होता तो धूळ पुसायला. तरी तिनं कुणाला बोलावलं नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघत, वहीत पायऱ्या उतरवत, चार दुपारी बसून एकेक फोल्डर नेला. शेवटी पेन ड्राइव्हवरची ती फाइल उघडून पाहिली. पहिली ओळ नीट दिसली, तशी लगेच बंद केली. पेन ड्राइव्ह रुमालात बांधून कपाटात ठेवला आणि डबा रिक्षात घालून दुकानात नेला.

परत आल्यावर नव्या सिस्टीममध्ये फाइल उघडली तर मराठी एकही अक्षर नाही. इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस, नुसता खिचडा. जुन्या टायपिस्टांचं असंच असतं: कळ इंग्रजीच दाबली जाते, वर मराठी रूप चढवतो तो फॉन्ट. संघपालचा फॉन्ट जुन्या सिस्टीमबरोबर पुसला गेला होता. हे तिला कोण सांगणार? दुकानदारानं फोनवर निकाल दिला, "फाइल करप्ट हो गई, बाई. डिलीट मारो." घरचा प्रिंटरही मुका, त्याला चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, नव्या सिस्टीमला सापडंना.

कचरू येऊन घसा खाकरून बसला. "वहिनी, तुमाला हात कशाला लावायचा होता?"

"चुकलं, भावजी," ती म्हणाली. त्या दिवशी चूल पेटली नाही.

वरच्या मजल्यावर गल्लीभरच्या माणसांचे हुबेहूब आवाज काढणारं एक कार्टं राहतं. तेच हे लिहितंय. सत्यभामामावशीला जरा हसवावं म्हणून त्यानं पैज लावली: पंधरा दिवसांत मावशीनं फाइल उघडली, तर कार्ट्यानं मावशी सांगंल त्याचा आवाज काढून दाखवायचा, नाय उघडली, तर मावशीनं महिनाभर कार्ट्याच्या तोंडून कचरूकाकाचा आवाज ऐकून घ्यायचा. ती हसली नाही. नुसतं "लावली" म्हणाली.

मग ती त्या खिचड्यासमोर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, की पहिल्याच पानावर एक तुकडा सात वेळा आलाय: आय, के, टिंब, के, एच. तिनं कीबोर्ड पुढं ओढला. त्यावर संघपालनं कधीकाळी मराठी अक्षरांचे कागद चिकटवले होते. आयवर प. केवर काना. टिंबावर अर्धा ण, त्याला पुन्हा केवरचा काना जोडला की पुरा ण, एचवर दुसरी वेलांटी.

पाणी.

ऑपरेशननंतर तोंडानं घोटभरही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो सात वेळा मागत होता, ती सात वेळा नाही म्हणाली होती.

अक्षरं आतच आहेत, वरचं मराठी रूप तेवढं हरवलंय, हे तिला कळलं; दुसऱ्या दिवशी ती एसटीनं कन्नडला गेली. तिथं बन्सी टायपिस्ट, संघपालचा जुना जोडीदार. त्याच्याकडं तोच फॉन्ट निघाला. प्रिंटरला त्याच्याच भावकीतल्या दुसऱ्या मॉडेलचा ड्रायव्हर घालून तिनं बोलता केला. तेराव्या दिवशी त्रेचाळीस पानं छापून झाली आणि वरच्या मजल्यावर निरोप आला.

कचरूही खुर्चीत येऊन बसला होता. कार्ट्याला वाटलं, आता याचाच आवाज काढायला लावणार. सत्यभामानं पानं हातात दिली.

"ह्यांच्या आवाजात वाच," ती म्हणाली. "पहिला होता, त्या."

कचरूनं घसा खाकरला नाही.

"पाणी दे," कार्ट्यानं संघपालच्या आवाजात वाचलं. सत्यभामा उठली, माठातून पेला भरून आणला, कार्ट्यासमोर धरला.

"प्या," ती म्हणाली.

पैज हरलेली होती. सातही पेले प्यावे लागले.