एकशे वीस सरळ दारं

आमच्या थोरलीला ऑफिसात फूटपट्टी म्हणतात. नाव ठेवणाऱ्यांनी फार डोकं चालवलेलं नाही. चौथीत असताना भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं आहे म्हणून तिने आम्हा सगळ्यांना जेवणावरून उठवलं होतं.

ती अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओत कामाला आहे. मोठे चित्रकार भराभर कच्ची रेखाटनं काढतात आणि ही त्यांच्यावरून पक्की रेघ ओढते. सहा महिने उमेदवारी, मग कायम करायचं की नारळ द्यायचा, हे दिग्दर्शक बाई ठरवणार.

पाचव्या महिन्यात तिच्याकडे एक दृश्य आलं. दवाखान्याच्या बोळात एक बाई बसली आहे, बंद दाराकडे बघते आहे. आत तिच्या मुलाला तपासताहेत, शेवटी दार उघडतं. एवढंच. दहा सेकंद, म्हणजे एकशे वीस चित्रं. कच्च्या चित्रांत दार वरून फुगलेलं, चौकट कलंडलेली, कडी बाईच्या डोक्यापेक्षा कितीतरी वर. थोरलीला वाटलं, घाईत काढलंय बिचाऱ्याने. चार दिवस मान मोडून तिने एकशे वीस दारं ओळंब्यात आणली. फरशाही एका मापाच्या केल्या, आणि कौतुकाची वाट बघत बसली.

दिग्दर्शक बाईंनी चित्रं चालवून पाहिली. त्या चिडल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, "दार छान झालंय. सुतार खूश होईल. पण हिची भीती कुठे गेली?"

ते वाकडं मुद्दाम होतं. चित्रातल्या बाईच्या जिवाची घालमेल तिच्या चेहऱ्यावर नाही, दारात दिसायला हवी होती. सोमवारपर्यंत पुन्हा करून आण, मग तुझं काय ते बोलू, असं सांगून त्यांनी गठ्ठा परत दिला.

शनिवारी ती घरी कागद घेऊन बसली. वाकडं काढायला गेली की नुसतंच वाकडं यायचं, डब्याला पोचा पडल्यासारखं. तिचे बाबा म्हणाले, माझ्याकडून काढून घे, माझं सगळं वाकडंच येतं. ती हसली नाही. संध्याकाळी ती माझ्यापाशी आली.

"आई, मला उशीर झाला की तू दाराकडे बघत बसतेस ना? कसं दिसतं ते?"

"दारासारखं."

"नीट सांग."

नीट सांगितलं. पहिली दहा मिनिटं दार दारच असतं. मग ते जवळ येऊ लागतं. पाऊण तासाने सोफा, फ्रिज, सगळं त्याच्यामागे जातं, खोलीत दुसरं काही उरत नाही. कडी मात्र लांब, हात पुरणार नाही अशी. जिन्यात पाऊल वाजलं की चौकट आकसते, आणि पाऊल वरच्या मजल्यावर गेलं की पुन्हा फुगते. ती लिहून घेत होती. मध्येच थांबली.

"हे रोज?"

"रविवारी सुट्टी असते."

रात्री तिने तक्ता केला : कोणत्या चित्रात चौकट किती सरकणार, कडी किती चढणार. वाकडेपणालाही शिस्त लावल्याशिवाय तिला राहवेना. रविवारी दिवसरात्र बसून तिने दारं पुन्हा काढली. सोमवारी बाईंनी दृश्य दोनदा पाहिलं. शेवटच्या चोवीस चित्रांत दार उघडतं आणि मुलगा बाहेर येतो. तिथे थोरलीने दार सरळ काढलं होतं. बाई म्हणाल्या, मूळ चित्रांत इथेही वाकडं आहे, एवढं बदलून टाक.

नोकरी टांगणीला लागलेली असताना आमची ही म्हणाली, "नाही बदलणार. मूल दिसल्यावर ते दार साधंच असतं. पहिल्यापासून तेवढंच होतं."

बाईंनी तिसऱ्यांदा दृश्य पाहिलं. मग चित्रं रंगवायला पाठवून दिली आणि हिच्या टेबलावर पुढच्या दृश्याचा गठ्ठा ठेवला. त्यांच्याकडे कायम केल्याचं असंच कळवतात म्हणे.

मी तिला पत्र मागायला सांगितलं आहे.