दादांचा ताठ गुडघा

मंडळी, माझ्या गुडघ्यातल्या फाटलेल्या गादीचं ऑपरेशन झालंय, हे तुम्हाला माहीतच आहे. आज साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाय वाकवला आणि मी ओरडलोच. त्या थांबल्या.

सोबत आई होती. माझे वडील, दादा, फौजेत होते. सत्तरच्या दशकात असंच ऑपरेशन होऊन ते वडूजला घरी आले. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. पण ते उठायला लागले की आई म्हणायची, "आवं, पडून ऱ्हावा की!"

गुडघा ताठच राहिला. फौज सुटली. पुढे पंगतीत दादा कायम टोकाला बसायचे, पाय भिंतीकडे लांब करून.

आज आई बाईंना म्हणाली, "थांबू नगा, वाकवा. त्यांच्या येळंला आमी लय माया केली."