त्यांचा कुणाला त्रास नाही

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवार होता. भवानी पेठेतल्या आमच्या घरी आई चटणीसाठी शेंगदाणे भाजत होती, मी कपडे वाळत घालत होते... आणि दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, डोक्यावरून ओढणी, उन्हाने चेहरा लालबुंद.

(पुढचं सगळं अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारून लिहितेय. "लिही की, पण फोटो टाकू नको," म्हणाले. म्हणून फोटो नाही.)

मुलीचं नाव रेश्मा. समाजकार्याचं शिक्षण घेत होती. त्यांचा गट पेठेत घरोघर फिरून विचारत होता, की घरातल्या कुणाच्या दारूमुळे बाकीच्यांना काय सोसावं लागतं. पोलिसांत आणि दवाखान्यात पोचतं तेवढंच मोजलं जातं, बाकीचं घरातच राहतं, असं ती म्हणाली. नाव कुठेही लिहिणार नव्हती.

आईने तिला पाणी दिलं आणि लगेच सांगून टाकलं, "आमच्यात तसं काय न्हाय बाई. घेत्यात, पण त्यांचा कुणाला त्रास न्हाय."

ते खोटंही नव्हतं. अण्णा यंत्रमागावर टॉवेल विणतात. तेव्हा काम सुटलं की रोज पिऊन यायचे, पण कधी शिवी नाही, हात उगारणं नाही. गुपचूप येऊन झोपायचे. गल्लीत सगळे म्हणायचे, लई गरीब माणूस.

रेश्माने वाद घातला नाही. तिने फक्त विचारलं, "मावशी, ते घरी येईपर्यंत तुम्ही काय करता?"

आईचा हात कढईत थांबला. "काय करणार... वाट बघती." मग तिने गॅस बंद केला आणि खाली बसली.

आणि एकेक निघत गेलं... अण्णा येईपर्यंत ती जेवत नाही. रस्त्यावर गाडीचा ब्रेक वाजला की दारात जाऊन बघते. बचत गटाची बैठक संध्याकाळी असते, म्हणून तिने गट सोडला. अक्कलकोटला भाचीच्या लग्नाला गेली होती, तर हळद लावून परत आली, अक्षता टाकायला थांबलीच नाही. दिवस मावळायला लागला की पोटात गोळा येतो म्हणाली.

"कधीपासून असं होतं?" रेश्माने विचारलं.

आईने माझ्याकडे बोट केलं. "ही पोटात होती तवापासनं."

मी हातात ओला टॉवेल घेऊन तशीच उभी. मी याच घरात वाढले... आणि यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकत होते.

अण्णा आतल्या खोलीत झोपलेत असं आम्हाला वाटत होतं. ते बाहेर आले, बनियनवर. आई पदर सावरत उठली. मला भीतीच वाटली, कारण घरातली गोष्ट परक्या मुलीसमोर बोलली गेली होती. अण्णा भिंतीला टेकून खाली बसले.

"ताई, मला बी विचारा की."

रेश्माने विचारलं आणि त्यांनी सरळ उत्तरं दिली. सकाळी थोडी घेतल्याशिवाय हात थरथरतात, मागावर तुटलेला धागा जोडता येत नाही, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं. आईलासुद्धा ते माहीत नव्हतं. शेवटी खाली मान घालून म्हणाले, "मला वाटायचं, मी कुणाला त्रास देत न्हाय."

आईने गरम शेंगदाण्यांची ताटली त्यांच्यासमोर सरकवली.

अण्णा उद्यापासून बंद म्हणायला लागले, तेव्हा रेश्मानेच अडवलं. हात थरथरत असतील तर एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं, आधी डॉक्टरांना भेटा म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही तिघं सरकारी दवाखान्यात गेलो. अण्णांना ॲडमिट करून घेतलं. ते दिवस फार वाईट गेले... घामाने गादी भिजायची, भिंतीवर मुंग्या दिसायच्या त्यांना. मग हळूहळू उतरलं.

सगळं छान झालं असं नाही. गणपतीत एकदा पिऊन आले, आणि दारातच रडायला लागले. आई म्हणाली, "उद्या दवाखान्यात जाऊ." आणि गेले दोघं.

मध्यंतरी त्या पाहणीतून काय निघालं ते सांगायला पेठेतल्या शाळेत बैठक झाली. बायकांची उत्तरं नावं न घेता वाचून दाखवली. वाट बघणं, उपाशी बसणं, संध्याकाळची भीती... घरामागून घर तेच. आई माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "मला वाटलं, हे माझंच हाय."

बऱ्याच जणींनी सांगितलं होतं, की सकाळच्या ओपीडीला गेलं तर माणसाचा रोज बुडतो, म्हणून कुणी जात नाही. आता पेठेतल्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा संध्याकाळी डॉक्टर बसतात. अण्णा न चुकता जातात. कुणी नवीन माणूस दारात घुटमळत असला, तर उठून त्याला आपल्या शेजारी आणून बसवतात.

त्या डॉक्टरांचे, नर्सताईंचे, उन्हातान्हात दारोदार फिरलेल्या सगळ्या मुलामुलींचे आभार मानायचे होते. घरी येऊन समजावणारे आम्हाला खूप भेटले. आईला तिचं काय होतंय हे विचारणारी रेश्मा पहिली.

ती आता कुर्डुवाडीला नोकरी करते असं कळलंय. आई सारखी म्हणते, त्या पोरीला एकदा जेवायला बोलव.

रेश्मा, हे वाचलंस तर नक्की ये. संध्याकाळच्या गाडीने आलीस तरी चालेल... अण्णा येतील स्टेशनवर घ्यायला.